कडुनिंबाखालचा बाक

शामलाबाईंना नागपूरजवळच्या बेसातला मुलाचा लेआउट, ती बंगल्यांची नवी वसाहत, आवडला होता. खंत एकच, बसायला कुठं जागा नव्हती. काटोलकडच्या त्यांच्या गावात चार पावलं चाललं की कुणाचा तरी ओटा यायचा. इथं घरापासून ऑटो मिळायच्या चौकापर्यंत नुसत्या भिंती आणि बंद फाटकं. गुडघे दुखले की त्या एखाद्या कारला टेकायच्या आणि कार ठणाणा बोंबलायची.

"घर बांधून उरलेल्या इटा अन् फरशी अंगणात काहून ठेवल्या गा?" त्यांनी मुलाला, अश्विनला विचारलं. "त्या रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली बाक करून टाक."

अश्विनने मिस्त्री बोलावला, शेजाऱ्यांनी रेती-सिमेंट दिलं आणि ऐसपैस बाक उभा राहिला. सकाळी भाजीवाला तिथं टेकायचा. दुपारी घरकाम करणाऱ्या शोभाताई आणि त्यांच्या मैत्रिणी डबा खायच्या.

समोरच्या बंगल्यातल्या मार्तंडरावांना हे खपलं नाही. एका सकाळी बाकाच्या पाठीवर लाल रंगात अक्षरं उमटली : 'फक्त लेआउटच्या रहिवाशांसाठी.'

दुपारी शामलाबाई आल्या तर बाक रिकामा, आणि बाया भिंतीशी उभ्यानंच जेवत होत्या.

"उभ्या काहून वं?"

शोभाताईंनी अक्षरांकडे बोट दाखवलं. "आमच्यासाठी नाही जी तो."

शामलाबाईंनी वाचलं, पदर खोचला आणि कण्हत सरळ मातीत बसकण मारली. "बसा. जमिनीवर काही लिहिलं नाही त्यायनं."

बाया खो खो हसत भोवती बसल्या. दुसऱ्या दिवशी शामलाबाईंनी चटईच आणली. मग चिवड्याचा डबा घेऊन ताराबाई येऊन बसल्या. त्या तर मार्तंडरावांच्या पत्नी!

मार्तंडराव तरातरा बाहेर आले. "अगं, बाक सोडून खाली काय बसलीस?"

"मला इथं सोबत आहे," ताराबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा की बाकावर. मोकळाच आहे."

चारचौघींत माघार कशी घ्यायची? ते बसले, एकटेच, ताठ. खाली शोभाताई एका घरच्या कुत्र्याचा किस्सा सांगत होत्या. एसी लावल्याशिवाय ते झोपतच नव्हतं आणि लाईट गेली की मालकावरच भुंकायचं. हशा उसळला. मार्तंडराव पुढे वाकले.

"कुणावर भुंकतं? इथं नीट ऐकू येत नाही."

"मंग या खाली," शामलाबाई म्हणाल्या.

"गुडघे वाकत नाहीत हो."

"माये गुडघे तरी कुठं वाकतात!"

मार्तंडराव उठून घरात गेले. रागावले असावेत, असं वाटून बाया डबे आवरू लागल्या. तेवढ्यात ते थिनरची बाटली आणि जुना बनियन घेऊन परतले आणि अक्षरं घासू लागले. हात लाल झाले, अक्षरांचा गुलाबी फराटा झाला.

"जरा जोर लावा," ताराबाई म्हणाल्या.

शेवटी बाया बाकावर सरकल्या आणि शोभाताईंनी किस्सा पहिल्यापासून सांगितला. सगळ्यांत जोरात मार्तंडराव हसले.

पुढच्या महिन्यात चौकाच्या वाटेवर दुसरा बाक झाला. दुपारी सावली कुठं पडते हे मार्तंडरावांनी उन्हात उभं राहून पाहिलं आणि मिस्त्रीशी हुज्जत घालून तिथंच तो बांधून घेतला. त्याच आठवड्यात शामलाबाई दोन्ही बाकांवर टेकत चौकात पोचल्या आणि कुणालाही सोबत न घेता ऑटोनं सीताबर्डीच्या बाजारात जाऊन आल्या. येताना त्यांनी स्वतःसाठी चालायचे बूट आणले, पांढरेशुभ्र. नऊवारीखाली ते कसे दिसतात यावर बाया पोट धरधरून हसल्या. शामलाबाईही हसल्या, पण बूट काही काढले नाहीत.