आबांचे माप

मित्रांनो, माझे दोन्ही पाय वाकडे आहेत आणि ते तसेच असायला हवेत. मी शिल्पकाराचा जुना लोखंडी कॅलिपर आहे. माझे पाय मूर्तीच्या दोन बाजूंना टेकवले, की मधले माप मिळते. परंड्याच्या लोहाराने मला ठोकून घडवले. ईट गावची राजेश्वरी मूर्तिकला शिकायला निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, रामकिसन आबांनी, मला तिच्या पिशवीत ठेवले.

कॉलेजात तिचा हात बसला, पण डोळा तयार झाला तो फिरतीत. वेरूळ, हंपी, हळेबीड, जिथे जाईल तिथे मी सोबत. परवानगी मिळाली तर माप, नाही तर नुसते पाहणे. कुठे नाक गेलेले, कुठे हात. जे तुटले ते मनाने जोडायचे नाही, आहे तसेच मापायचे, हा तिचा नेम. तिचे सर तिच्या मापांचे कौतुक करत, तेव्हा मीही जरा फुशारत असे.

दर वेळी आबा तिला एसटीपर्यंत सोडायला येत.

"आल्यावर माझं बी माप घे की," ते म्हणत.

"पुढच्या खेपेला, आबा. तुम्ही कुठं पळून चाललाय?"

मग आबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा गाल उतरला आणि ओठ एका बाजूला ओघळला. राजेश्वरी हातातले काम टाकून घरी आली. आता तिला आबांचा मुखवटा करायचाच होता. तिने उजव्या गालाचे माप घेतले आणि मातीत तेच डावीकडे लावू लागली. ते माप खोटे होते. मला बोलता आले असते, तर मी तिला अडवले असते.

आबा खुर्चीतून पाहत होते. जड जिभेने म्हणाले, "डावीकडचं घेतलंच न्हाय तू."

"मला तुमचा पहिला चेहरा करायचाय, आबा."

"फुटक्या मूर्तीचं माप हाय तसं घेतीस न्हवं? मग मलाच कशाला दुरुस्त करतीस?"

तिने डावीकडे लावलेली माती खरवडून काढली. मग माझे पाय आबांच्या डाव्या गालाला टेकले. आजवर मला दगडाचीच सवय. हा गाल गरम होता आणि थोडा थरथरत होता.

तो मुखवटा आज त्यांच्या ओसरीत आहे, ओघळलेल्या ओठासकट. मी शेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. माझा स्क्रू गंजू लागला आहे. मित्रांनो, अवजारांना अधूनमधून तेलाचा थेंब देत जा. आणि घरातले कुणी 'माझंही माप घे' म्हणाले, तर पुढच्या खेपेवर टाकू नका. मी देशभरच्या मूर्ती मापल्या, पण आबांच्या पहिल्या चेहऱ्याचे माप माझ्याकडे नाही.