वीतभर खाच

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं त्या सालची गोष्ट. व्याही घर बघायला येणार म्हणून मी भिंतींना नवा गिलावा करून घेतला होता. पुढेमागे वर मजला चढवायचंही मनात होतं. त्याच आठवड्यात शेजारचा रजईवाला दारात येऊन उभा राहिला.

तो आणि त्याची बायको रजया शिवायचे. एकच खोली, त्यातच चूल, त्यातच कापूस. मूलबाळ नव्हतं. आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच, आणि ती माझी. त्याच्या छपराची तुळई त्या भिंतीलगतच्या लाकडी खांबावर टेकलेली होती, आणि खांब वाळवीने खाल्ला होता.

"सुतारभाई, तुमच्या भिंतीत वीतभर खाच करू द्या. तुळईचं टोक आत बसवतो. खांबाचं काही खरं नाही, बोट लावलं की पीठ पडतं."

"गिलावा ओला आहे अजून."

"वाळल्यावर करू."

"वाळल्यावर तर मुळीच नको. पाहुणे यायचेत."

तो हसला. "भिंतीला कान असतात म्हणतात. तुमच्या भिंतीला थोडं काळीजही असेल असं वाटलं होतं."

मी हसलो नाही. गिलावा हे खरं कारण नव्हतंच. आज बोट दिलं तर उद्या मनगट धरेल, भिंतीवर हक्क सांगेल, मजला चढवताना आडवा येईल, असं माझ्या डोक्यात होतं. वीस वर्षांत तो एकदाही आडवा आला नव्हता, तरी होतं.

आत अम्मा मटार सोलत बसली होती. तो गेल्यावर म्हणाली, "शेजारी भिंतीत लाकूड रोवू म्हणाला तर अडवू नये, असं रसूल पैगंबरांनी सांगितलंय. लाकूडच म्हणालेत. आणि तू तर सुतार."

"अम्मा, त्या काळी भिंती मातीच्या होत्या."

"आणि माणसं कसली होती?"

"तू वाचलंयस का हे कुठे?"

"मला कुठे येतं वाचता? तुला तरी येतं का? ऐकलंय ते सांगितलं."

"मी त्याला टेकू देतो. माझ्याजवळचं चांगलं लाकूड आहे."

"त्याने टेकू मागितला होता?"

दुसऱ्या दिवशी टेकू घेऊन गेलो. खांबाजवळची जमीन पोखरलेली, तिथे तो उभा राहीना. म्हणून खोलीत बराच आत, जवळजवळ मधोमध उभा केला. खाली फळी घातली, वर पाचर ठोकली. कामात खोट ठेवली नाही.

रजईवाल्याची बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "भाईजान, हा पाहुणा कधी जाणार?"

"लग्न होऊ दे भाभी, मग बघू."

"तोवर आम्ही दोघं याच्या दोन बाजूंना झोपायचं? या वयात सवत आणलीत की माझ्यावर!"

"हलवू मात्र नका," मी रजईवाल्याला बजावलं. मशिदीत चारचौघांना सांगितलंही, शेजाऱ्याचं छप्पर सावरलं म्हणून. त्यांनी शाबासकी दिली, मी ती घेतली.

मग त्या दोघांनी माझ्या मुलीसाठी रजई शिवायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. "आमचीही मुलगीच ती," भाभी म्हणाली. रजई मोठी, दोन माणसांची. कापड एका बाजूने दुमडून, टेकूला वळसा घालून ती टाके घालायची. येताजाता मला दारातून दिसायचं.

"जमतंय ना भाभी?"

"न जमून सांगते कुणाला? पाहुणा तुमचा आहे."

शिवण दुमडून जमते, कापूस पसरायला मात्र सगळी जमीन मोकळी लागते. शुक्रवारी दुपारी रजईवाला आणि मी जुम्म्याच्या नमाजाला गेलो. एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. घरी ती एकटी होती. तिने पाचर सैल करून काढली आणि टेकू उचलून माझ्या भिंतीला लावून ठेवला. तासाभराचं काम, तेवढ्यात काय होतंय, असं तिला वाटलं असेल.

नमाज संपवून आम्ही सलाम फेरला तेव्हा मशिदीच्या दारात अम्मा अनवाणी उभी होती.

कौलं आणि माती उपसायला अर्धी गल्ली लागली. रजईवाला नखांनी माती उकरत होता. तुळई मी उचलली. ती कुठेही तडकली नव्हती, पुरती शाबूत होती. टेकायला वीतभर जागा हवी होती तिला, एवढंच. भाभी अर्ध्या पसरलेल्या कापसावर पालथी पडली होती. श्वास चालू होता. आम्ही तिला माझ्याच घरात नेऊन ठेवलं.

दफन झाल्यावर मी रजईवाल्याची माफी मागितली. त्याने माझ्या हातांकडे बघितलं.

"माझं काही नाही सुतारभाई," तो म्हणाला. "पण छप्पर तिच्या अंगावर पडलं. तिच्या वतीची माफी मी कशी देऊ?"

महिन्याभरात तो गाव सोडून गेला. उतारवयात मी अक्षरं गिरवली, ती हदीस, रसूलांचं ते वचन, शोधून बोट ठेवून वाचली. अम्माने पदरचं काहीच घातलं नव्हतं.

रजईवाल्याची बायको शाबान महिन्याच्या चौदा तारखेला, माफीची रात्र लागायच्या दिवशी, त्याच शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी असरच्या अजानेआधी वारली.