विठाबाईला सापडलेला बैल

मी एक जुना मातीचा बैल आहे. जुना म्हणजे किती, तर दोन हजार वर्षांचा, असं लोक माझ्यापुढे उभे राहून एकमेकांना सांगतात. मला स्वतःला एवढं मोजता येत नाही. माझी उंची तुमच्या वितीएवढीही भरणार नाही. माझ्या पायांना आरपार भोकं आहेत. त्यांत काडी घालायची, काडीच्या टोकांना मातीची चाकं बसवायची आणि दोरा बांधून मला ओढत न्यायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं. मित्रांनो, मी देव नव्हे की राजाची ठेव नव्हे. मी एक खेळणं आहे.

तेरणा नदीच्या काठी एका कुंभाराने मला केलं, भट्टीत भाजलं आणि आपल्याच घरातल्या लेकराला दिलं. त्या लेकराने मला गल्लीभर फिरवलं. मग एका वर्षी नदी गल्लीत शिरली. माझी चाकं वाहून गेली आणि मी गाळाखाली राहिलो. पुढच्या काळाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. वर गावं वसली, मोडली, पुन्हा वसली असतील. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

एके दिवशी माझ्यावर कुदळ पडली आणि माझं डावं शिंग तुटलं.

ते बहात्तर सालच्या दुष्काळाचे दिवस होते. नदीचं नुसतं वाळवंट झालं होतं. सरकारने तलावाचं काम काढलं होतं आणि आसपासच्या गावांतली शेकडो माणसं उन्हात माती खणत होती. माझ्यावर कुदळ घालणाऱ्या बाईचं नाव विठाबाई. तिने मला उचललं आणि पदराने पुसलं.

"काय सापडलं गं? सोनं हाय का?" मुकादम लांबूनच ओरडला.

"सोनं कुठलं! मातीचा बैल हाय. माझ्याच हातानं बिचाऱ्याचं शिंग मोडलं बघा."

"मग दे फेकून. घमेलं उचल."

विठाबाईने घमेलं उचललं, पण मला फेकलं नाही. तिने मला पदरात बांधलं. दुपारी मजुरांना खायला सुकडी वाटली, तेव्हा बाभळीखाली बसलेल्या तिच्या लेकीच्या हातात तिने मला ठेवलं. लेकीचं नाव गौतमी, वय पाच वर्षांचं. गौतमीने माझ्या पायांत काड्या घातल्या, बाभळीच्या सालीची चाकं केली आणि ती मला धुळीतून ओढू लागली. ती चाकं काही फिरत नव्हती, तरी ती ओढत होती. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, अन् मी मात्र सुखात होतो. हे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो.

जवळच्या गावात कल्याणप्पा नावाचे कापडाचे व्यापारी होते. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद. कामावर काही निघालं की ते सायकलवर पिशवी अडकवून यायचे. खापरं, मणी, फुटके दिवे, जे मिळेल ते जपून न्यायचे. त्यांनी गौतमीच्या हातात मला पाहिलं आणि ते तिथेच मातीत बसले.

"बाई, लई जुना हाय हा. मला देता का? काय मागाल ते देतो."

"न्हाय अप्पा," विठाबाई म्हणाली. "पोरीजवळ दुसरं काय बी न्हाय खेळाया."

कल्याणप्पांनी हट्ट केला नाही. पण उन्हाळा सरायच्या आत विठाबाई आणि तिचा नवरा हरिबा पुण्याकडे बांधकामावर जायला निघाले. जायच्या दिवशी ती स्वतःच कल्याणप्पांच्या दुकानी आली. गौतमी तिच्या कडेवर बसून रडत होती.

"तिकडं कुठं ठेवू ह्याला? फुटंल. तुमीच सांभाळा. पैसं नगं."

कल्याणप्पांनी मला दोन्ही हातांनी घेतलं. मग ते गौतमीला म्हणाले, "रडू नगं, बाय. हा तुझाच हाय. कवा बी ये, मी कपाट उघडून तुझ्या हातात दीन."

पुढे गावात दूधसंस्था निघाली. तिच्या इमारतीतली एक रिकामी खोली कल्याणप्पांनी मागून घेतली आणि तिथे आपला संग्रह मांडला. लाकडी कपाटं, वर काच, प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर त्यांनी 'मातीचा बैल, तलावाचे कामावर सापडला' असं लिहिलं. रोज पहाटे शेजारी दुधाच्या कॅनांचा खणखणाट व्हायचा. तो थांबला की दिवसभर कोणी यायचं नाही.

मग सोलापूरहून सहलीची एक गाडी सुरू झाली. दर रविवारी ती नळदुर्गचा किल्ला दाखवायची, तुळजापूरला थांबायची, धाराशिवच्या लेण्यांवर न्यायची आणि उतरत्या उन्हाला आमच्या दाराशी यायची. कल्याणप्पांची पत्नी शांतम्मा चाळीस माणसांना पुरेल एवढं पाणी भरून ठेवायची. माणसं उतरायची, पाणी प्यायची. किल्ला चढून आणि लेणी पाहून त्यांचे पाय दुखत असायचे. कल्याणप्पा सांगायला सुरुवात करायचे, "इथून कधीकाळी लांबलांबच्या मुलखांशी व्यापार चालायचा..." तेवढ्यात ड्रायव्हर भोंगा वाजवायचा. आमच्या वाट्याला पंधरा मिनिटं होती. काही जण काचेवर कपाळ टेकून माझ्याकडे बघायचे, आणि मला वाटायचं, आता हा दार उघडायला सांगेल. कोणी सांगितलं नाही.

दीडेक वर्षाने गाडी यायची थांबली. आडवाट आहे, वेळ जातो, असं कारण आलं. तरी कितीतरी रविवार शांतम्मा पाणी भरत राहिली आणि कल्याणप्पा स्वच्छ धोतर नेसून दारात बसत राहिले. सूर्य कलला की ते कुलूप लावायचे. ती वर्षं मला गाळाखालच्या वर्षांपेक्षा जड गेली. मातीत कोणी येईल अशी आशा तरी नव्हती.

चौऱ्याऐंशी साली दूधसंस्थेला दूध थंड करायचं यंत्र मिळालं. त्यासाठी खोली हवी होती. संस्थेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तोवर कल्याणप्पांची नजरही अधू झाली होती. त्याच सुमारास मोठ्या शहरातल्या संग्रहालयाचे एक साहेब आले. त्यांनी सगळं बारकाईने पाहिलं आणि निवडक वस्तू नेण्याची तयारी दाखवली. सर्वात आधी त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"बाकीचं न्या," कल्याणप्पा म्हणाले. "बैल माझा न्हाय."

साहेब गेल्यावर शांतम्मा म्हणाली, "अहो, बारा वर्सं झाली. ती पोरगी आता येणार हाय व्हय?"

"न्हाय आली तरी तिचाच हाय. तिला इचारल्याबिगर मी कसा देऊ?"

हरिबाचा भाऊ दगडोबा अजून जुन्या गावातच होता. कल्याणप्पा त्याच्याकडे एसटीने गेले आणि पत्ता घेऊन आले. दिसत नसल्यामुळे त्यांनी शांतम्माकडून कार्ड लिहून घेतलं. महिनाभर उत्तर आलं नाही. साहेबांची दोन पत्रं आली, यंत्रही येऊन ओसरीत पडलं. आणि एका सकाळी पांढऱ्या साडीतली एक मुलगी दारात उभी राहिली. सोलापूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असल्याचं तिने सांगितलं. ती गौतमी होती.

कल्याणप्पांनी चाचपडत कुलूप काढलं, कपाट उघडलं आणि मला तिच्या हातात दिलं. मित्रांनो, बारा वर्षांत कोणत्याही मुलाचा हात मला लागला नव्हता. तिचे हात मोठे झाले होते. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं. मी वाट पाहिली.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "मला काहीच आठवत नाही. बाभूळ नाही, तलाव नाही, हा पण नाही."

मग कल्याणप्पांनी विचारलं, "अन् आई कशी हाय?"

"दोन वर्षांपूर्वी गेली. तिला मात्र सगळं आठवायचं. ह्याचं शिंग आपल्या कुदळीनं मोडलं, हे मरेपर्यंत सांगायची. तलाव भरला का, एकदा बघून येऊ म्हणायची. कामातून येणं झालंच नाही."

पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा आले, तेव्हा गौतमीही आली. ती म्हणाली, "न्या ह्याला. इथं कोण बघणार? पण चिठ्ठीवर माझ्या आईचं नाव पाहिजे."

साहेब म्हणाले, "आम्ही काळ आणि ठिकाण लिहितो. मजुरांची नावं लिहायची पद्धत नाही."

"मग राहू द्या," गौतमी म्हणाली आणि तिने मला पुन्हा हातात घेतलं. "मी हॉस्टेलच्या पेटीत ठेवीन."

साहेबांनी तिच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. अखेर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "आईचं पूर्ण नाव सांगा."

आता मी शहरात आहे. माझी काच मोठी आहे, वर दिवा आहे. रोज शेकडो माणसं येतात आणि चालत राहतात. इथे माझ्या ओळखीचं कोणी नाही. कल्याणप्पा एकदाही आले नाहीत. त्यांना यायला जमलं असतं, तरी मी दिसलो नसतो. गौतमी दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तिने माझ्याकडे थोडं आणि चिठ्ठीकडे जास्त पाहिलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मुलांनो, सहलीला निघालात की किल्ले बघा, लेणी बघा, आणि आडवाटेला एखादी कुलूप लावलेली खोली असली तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. तिथला माणूस बोलत असेल, तर भोंगा वाजला तरी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि माझ्यापुढे आलात, तर मी किती जुना आहे हे पाठ केलं नाहीत तरी चालेल. चिठ्ठीच्या खालच्या ओळीत लिहिलेलं नाव मात्र एकदा मोठ्याने वाचा. मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं.