घरच्या फोल्डरातला प्लग-इन

मी एक जुना प्लग-इन आहे. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारा छोटासा प्रोग्रॅम. मित्रांनो, मला स्वतःचा चेहरा नाही. माझ्यातून तुम्हाला नेहमी दुसऱ्याच कुणाचा तरी दिसला.

०:००

एका घरातल्या, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांनी मला त्यांच्या लिनक्स संगणकावर आणलं आणि आपल्या हातानं घरच्या फोल्डरात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कप्प्यात, ठेवलं. पहिल्याच दिवशी मी त्या घरातली आई पडद्यावर दाखवली. शिवणकेंद्राच्या वेबपानावर कॉलर लावायला शिकवणारा तिचा धडा होता.

"किती चिरका आलाय आवाज माझा," आई म्हणाली.

"घरी ऐकतो तसाच आलाय," बाबा म्हणाले.

पुढे आई गेली. तिचा आवाज तेवढ्या धड्यातच उरला.

०:००

केंद्रानं कळवलं, जुनं पान आज संध्याकाळी बंद होणार. बाबांनी धडा लावला. व्हिडिओच्या जागी नुसता करडा चौकोन.

त्यांच्या लेकीनं नवा प्लग-इन बसवला. करडा चौकोन.

पुन्हा बसवला. करडा.

"नवा भाग घातलास ना? मग अडतंय कुठं?"

"बाबा, याला तुमच्या घड्याळासारखं मागचं झाकण नसतं."

बोलता बोलता ती थबकली. झाकण होतं. तिनं ब्राउझर टर्मिनलमधून सुरू केला. त्या काळ्या खिडकीत संगणक आपली तक्रार लिहून दाखवतो. तक्रारीत माझा पत्ता होता.

होय मित्रांनो, अडवणारा मीच. ब्राउझर आधी घरच्या फोल्डरात पाहायचा. नवा बिचारा सगळ्यांसाठीच्या फोल्डरात ताटकळत होता. प्रत्येक हाकेला 'ओ' मी देत होतो, आणि बदललेल्या ब्राउझरात काम मला जमत नव्हतं.

"हा अजून इथंच?"

"जुना भाग मी टाकत नाही, माहितीये ना तुला."

"बाबा, तुम्ही तो काढून डबीत ठेवता. हा घड्याळातच राहिलाय."

बाबा हळूच म्हणाले, "पुसू नकोस त्याला."

"नाही पुसत."

तिनं 'डबी' नावाचं फोल्डर केलं, मला त्यात हलवलं आणि ब्राउझर पुन्हा उघडला.

०:०१

"कापड ओढू नका," आई सांगत होती. "मशीन आपणहून पुढं घेतं. तुम्ही नुसतं वळवा."

लेकीनं घाईघाईनं रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबांनी खुर्ची पुढं ओढली.

मित्रांनो, जुन्याला जपा, पण वेळीच कामावरून उठवाही. त्याला स्वतःहून उठता येत नाही.

तो धडा पहिल्यांदाच माझ्याशिवाय चालला. डबीत बसून मी तो शेवटपर्यंत ऐकला. आवाज तसाच होता, बाबा घरी ऐकायचे तसा.