मऊ तोंड

"एक तरी पिल्लू ऱ्हाऊ दे आईपाशी. समदी एकदम नेली, की ती दुसरं हुडकती बघ," असं आत्याबाई म्हणाल्या होत्या तेव्हा शालन हसली होती... आणि आता नवऱ्याच्या तळहातावर ते अंडं होतं, लाळेनं ओलं, कोवळ्या उन्हात चमकणारं, कुठंही तडा नसलेलं.

"बघितलंस? मऊ तोंड म्हणतात ते हे," लालासाहेब म्हणाले. "विलायतेतल्या कुत्र्यांनी झक मारावी."

खुराड्यापासून दातांत धरून आणलेलं अंडं मालकाच्या हातात ठेवून नोरा खाली बसली होती. काळी, लॅब्राडोर जातीची, आचळं अजून दुधानं उतरलेली. लालासाहेबांनी पलटणीत कुत्री शिकवली, युद्धानंतर नोकरी सोडून लोणंदजवळच्या या मळ्यात ती वाढवायला घेतली. कोलंबोच्या स्पर्धेत नोरानं तळ्यात पडलेलं बदक आणलं, तेव्हा पंचांनी म्हणे बदकाच्या बरगड्या एकेक करून चाचपल्या — एक जरी मोडलेली सापडली असती तर कुत्री बाद. सापडली नाही. तो चषक आता फडताळात, बाळाच्या ग्राइप वॉटरशेजारी...

गेल्या महिन्यात तिची सगळी पिल्लं टोपलीत घालून लोणंद स्टेशनवर गेली, तिथून मुंबई, मग बोटीनं सिंगापूर. नोरा जीपमागं ओढ्यापर्यंत धावली होती. आणि सांगलीच्या कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी, शालन, आत्याबाईंना समजावत होते, की जनावरांना एवढी आठवण नसते हो. त्या नुसतं म्हणाल्या, "व्हय का? बरं."

त्यानंतर दोरीवरून बाळाची झबली जाऊ लागली. आधी वाटलं, वाऱ्यानं उडाली असतील. मग टोपडं गेलं, मग एक दुपटं — आणि सगळं सापडलं नोराच्या खोपट्यात, गोल रचलेलं, चाटून चाटून ओलं केलेलं, मधोमध एवढीशी जागा मोकळी ठेवून. कोणासाठी? लालासाहेब पोट धरून हसले. म्हणाले, "शिकवलंय तेच करतीय की ती."

आणि आज अंघोळीला जाऊन आले तर बाळाच्या झबल्याचा खांदा ओला. पाळणा जरासा हलत होता. बाळ हसत होतं. त्याची स्वतःची लाळ असेल, दात येताहेत... पण लाळ हनुवटीखाली असते, खांद्यावर कशी? शालननं झबलं उतरवून खांदा पाहिला, पाठ पाहिली, मग बरगड्या, एकेक — आणि बोटं थबकली. खूण नव्हती. पण खूण नसणं हा काय पुरावा झाला? खूण राहू नये म्हणून तर रोज अंडं देतात तिला.

तिनं खोलीला बाहेरून कडी घातली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. समोर नोरा, पंजांवर तोंड टाकून, दाराकडं बघत. आत बाळ रडलं. नोरानं कान उभे केले, आणि त्याच क्षणी शालनच्या चोळीला ओल आली... पान्हा दोघींनाही. तिनं पदर ओढून घेतला, कोणी पाहिल्यासारखा.

"आज संध्याकाळच्या गाडीनं नोराला विलायतेला पाठवतोय," लालासाहेब जेवताना म्हणाले. "तिकडं सहा महिने पिंजऱ्यात वेगळी ठेवतात, रोगाच्या भीतीनं. मग स्पर्धा."

"अहो, सहा महिने? एकटीच?"

"सवय होते गं." मग त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, त्याची हिरडी बोटानं चाचपली, पायाचा पंजा दाबून पाहिला. "हाडापेरानं चांगला आहे. दहा वर्षांचा झाला की साताऱ्याला, सैनिक शाळेत. घरात ठेवून पोरं बिघडतात."

आत्याबाई ताटावरून म्हणाल्या, "आवं, दूध तरी सुटू दे आदी त्याचं!" सगळे हसले. शालनही हसली असावी. ती त्यांच्या हाताकडं बघत होती — किती अलगद धरतात हे. बाळाला कळतसुद्धा नाही. मला तरी कुठं कळलं होतं, माधवनगरच्या घरातून मला आणलं तेव्हा?

निघताना त्यांनी बाळाचं एक न धुतलेलं झबलं मागितलं. "नोराच्या पेटीत टाकतो. वास असला की गप्प बसेल." मी दिलं. नोरा आपणहून पेटीत शिरली.

जीप गेली. आता कडीची गरज नव्हती, तरी मी आतून घातली. दार राखणारं कोणी उरलं नव्हतं म्हणून घातली, की जीप घेऊन हे परत येणार होते म्हणून?

यांना विचारून उपयोग नाही. हे म्हणतील, नोरा मजेत आहे. म्हणून तुम्हाला सांगते. मुंबई बंदराकडं तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर बोटीवरच्या त्या पेटीत जरा डोकावून या. काळी कुत्री आहे. पाणी ठेवलंय का बघा. तोंडात झबलं धरलेलं असेल.

ते सोडवून घेऊ नका.