चार पन्नासची बस

पाणी किती वेळ येतं, वीज कशी आहे, असलं काही न विचारता सिस्टरने पहिल्यांदा विचारलं, "इथून पहिली बस किती वाजता सुटते?"

घरमालक किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारात उभे होते. "सहाला," ते म्हणाले, आणि खरं बोलून टाकावं तसं पुढे म्हणाले, "सव्वासहा धरा."

सिस्टरने भिंतीला तळहात लावून पाहिला. ओल नव्हती. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघरात बाहेरचा उजेड, आणि न्हाणीघराला उंबरा नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी याहून सोयीचं घर सापडलं नसतं. भाडंही झेपणारं होतं. पण हे शहराचं अगदी शेवटचं टोक. इथून हॉस्पिटल बसने पंचावन्न मिनिटं लांब, आणि तिची ड्यूटी सहाला सुरू व्हायची.

ती डायलिसिस विभागात एकोणीस वर्षं नर्स होती. सगळे तिला सिस्टरच म्हणत. औषधाच्या दुकानातला माणूस, जुने घरमालक, आणि चिडल्या की सासूबाईसुद्धा. सहाला जाऊन सहा मशीन धुऊन, जोडून तयार ठेवायची, कारण साडेसहाला पहिले सहा पेशंट खुर्च्यांवर येऊन बसत. तिथे उशीर झाला की दिवसभराचं वेळापत्रक पुढे सरके आणि शेवटच्या पेशंटचा वेळ कापला जाई. कुणाचा वेळ कापायचा हे तिला कधी ठरवता आलं नव्हतं, म्हणून ती उशीरच करत नसे.

अकरा वर्षं त्यांचं घर हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत होतं. घरातून निघून सात मिनिटांत ती वॉर्डात असे. मग ती इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि भाडेकरूंना दोन महिन्यांची मुदत मिळाली. ड्यूटी संपली की सिस्टर खोल्या बघत फिरू लागली. जवळपास जे होतं त्याला अर्ध्याहून जास्त पगार गेला असता. जिथे भाडं जमत होतं तिथे चौथा मजला होता आणि लिफ्ट नव्हती. एका बाईंनी घर दाखवलं, चहा दिला, आणि मग विचारलं, "सोबत म्हातारं माणूस आहे का हो? नाही, जिन्यात काही झालं म्हणजे निस्तरायचं आम्हाला."

तिने वॉर्डच्या इन्चार्जकडे दुपारची पाळी मागून पाहिली. "दुपारी कुणीही चालेल," इन्चार्ज म्हणाली, "सकाळी सुया कोण लावणार? तुझ्यासारखा हात नाही कुणाचा." कौतुकच होतं ते. त्यामुळे तिने पुन्हा मागितली नाही.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर दोघींनी एकत्र राहायचं असं कधी बसून ठरलं नाही. वेगळं व्हायचं कुणी काढलं नाही, एवढंच.

तिने त्या तळमजल्याच्या घराला होकार दिला आणि जुन्या बाजारातून एक सायकल विकत घेतली.

पाच किलोमीटरवर हमरस्ता होता. तिथून पहाटेपासून बस मिळत. शाळा सुटल्यावर सायकलला हात न लावलेली सिस्टर चव्वेचाळिसाव्या वर्षी रोज पावणेचारला उठून, डोक्याला रुमाल बांधून निघू लागली. हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या टपरीला सायकल कुलूप लावून ठेवायची आणि बस पकडायची. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून आल्या की वॉर्डात ती वाकायच्या ऐवजी गुडघे टेकून नळ्या जोडत असे. महिन्याभरात सवय झाली. मग एके दिवशी उतारावर खडी पसरलेली होती आणि सायकल घसरली.

फार लागलं नाही. कोपर खरचटलं आणि उजवं मनगट मुरगळलं. तिने स्वतःच पट्टी बांधली आणि सहाला हजर झाली. पण तिचे जुने पेशंट सुतारकाका तिच्याकडे सात वर्षं येत होते. त्यांची शीर अवघड, आणि ती एका झटक्यात सुई लावायची. त्या दिवशी सुई दोनदा चुकली. "राहू द्या, सिस्टर," ते हळूच म्हणाले, "आज दुसऱ्या ताईंना लावू दे." त्यांनी दुसरा हात तिच्या पट्टीवर थोपटला. दुखलं ते मनगट नव्हे.

घरी आली तर दाराशी सासूबाईंची बॅग भरून ठेवलेली.

"हे काय, आई?"

"मी लेकीकडे जाते. तू हॉस्पिटलजवळ वसतिगृहात कॉट घे. मिळते म्हणे नर्सांना."

"मी कधी म्हणाले असं?"

"तू नाही. तुझी मैत्रीण म्हणाली फोनवर. मी ऐकलं." सासूबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. "तीस वर्षं लोकांची बोलणी न ऐकल्यासारखं केलं. आता रिटायर झाले, आता ऐकते."

सिस्टर खुर्चीत बसली. बूटही काढले नाहीत. "तिकडे करमणार आहे तुम्हाला?"

"करमायचं कुठे आलं? माझ्या गुडघ्यांपायी तू या टोकाला येऊन पडलीस. आता हात मोडून घेतलास. उद्या डोकं फोडशील."

"मोडला नाही, मुरगळलाय."

"तेच ते."

सिस्टरने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग सिस्टर म्हणाली, "मी वसतिगृहात राहायला गेले, तर भांडू कुणाशी?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि गॅसवर चहा ठेवला. पण बॅग दाराशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर परतली तेव्हा घराला कुलूप होतं. आपल्या किल्लीने उघडून आत पाहिलं तर बॅग नव्हती. नणंदेला फोन केला. "इकडे नाही आली," नणंद म्हणाली, "यायची होती का?" सिस्टरने काहीतरी सांगून फोन ठेवला आणि तशीच बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. दोन बस रिकाम्या झाल्या. तिसरीतून, आधी बॅग आणि मग काठी पुढे करत, सासूबाई उतरल्या.

"कुठे होतात?"

"डेपोत."

"आणि बॅग कशाला?"

"त्यात वही आहे, पाणी आहे आणि उशी आहे. त्यांच्या बाकाला पाठच नाही. चार तास बसायचं म्हणजे कसं बसणार?"

घराकडे चालताना त्यांनी सगळं सांगितलं. डेपो मॅनेजर आधी मीटिंगमध्ये होता, मग जेवायला गेला, मग कुणाशी तरी फोनवर बोलत बसला. "त्याला वाटलं म्हातारी कंटाळून जाईल. मी त्याला म्हटलं, लाइन बिझी आहे म्हणून मी आयुष्यात कधी कुणाचा कॉल सोडला नाही."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, आजी, एका सिस्टरसाठी पहाटे बस सोडता येत नाही. मी म्हटलं, कितीजणांसाठी येते? तर म्हणाला, रोजचे पंचवीस तरी हवेत." सासूबाई थांबल्या, काठीवर भार देऊन त्यांनी श्वास घेतला. "म्हणजे नाही म्हणाला नाही. आकडा सांगितला."

दुसऱ्या दिवसापासून रोज साडेपाचला सासूबाई थांब्यावर जाऊन बसू लागल्या. सहाच्या बसला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: "कामावर खरं किती वाजता पोचायला हवं?" सिस्टरला वाटलं होतं, या टोकावर आपण एकट्याच अडलोय. वहीतून वेगळंच निघालं. बेकरीत काम करणारे दोघे भाऊ पाचला पोचायचं म्हणून निम्मा रस्ता धावत जात. ऑफिसं उघडायच्या आत फरशा पुसणाऱ्या सात बायका मिळून एक टेम्पो करत. टेम्पोवाला आला नाही की सातहीजणींचा खाडा. भाजी मंडईतला हमाल, हॉटेलातली भांडी घासणारी मुलगी, शाळेचं फाटक उघडणारा शिपाई. जे सहाच्या बसची वाटच बघत नव्हते, त्यांची घरं शोधायला सासूबाई दुपारी काठी टेकत गेल्या. सगळ्यांची नोंद एका पद्धतीने: नाव, कामाची जागा, पोचायची वेळ, सही. दहा दिवसांत अडतीस सह्या झाल्या.

या वेळी सिस्टर सुट्टी काढून त्यांच्याबरोबर डेपोत गेली. फरशी पुसणाऱ्यांपैकी दोघी आल्या, थोरला बेकरीवाला आला. मॅनेजरने वही एकेक पान करत चाळली. तो वाईट माणूस नव्हता, फक्त दमलेला होता.

"हे अक्षर कुणाचं?" त्याने विचारलं.

"माझं," सासूबाई म्हणाल्या. "का? वाचता येत नाही?"

"नाही, फार छान आहे." त्याने वही मिटली. "तीन महिने सोडून बघतो. चार पन्नासची. रोज पंचवीस भरले नाहीत तर बंद करावी लागेल, आजी, मग माझ्याकडे येऊ नका."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी एकोणीसच आले. सासूबाईंनी ओळखीच्या दारांवर जाऊन न आलेल्यांची हजेरी घेतली. तिसऱ्या आठवड्यात बसायला जागा उरेना. बेकरीवाल्यांनी मालकाकडून अर्ध्या तासाची सवलत मिळवली आणि तेही येऊ लागले. कुणी धावत येताना दिसलं की ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून थांबे, आणि आतले लोक खिडकीतून सांगत, "सावकाश या, थांबलोय." सिस्टर पावणेसहाला हॉस्पिटलात पोचू लागली. मनगट बरं झालं. सुतारकाकांनी एका सकाळी स्वतःहून हात पुढे केला आणि म्हणाले, "आता तुम्हीच." सुई एकदाच लागली.

तीन महिने संपले त्या रविवारी दोघी बाहेर पडल्या, तर थांब्यावर रंगारी शिडीवर चढला होता. पत्र्याच्या फळीवर बसच्या वेळा होत्या. सहाच्या वरच्या मोकळ्या जागेत तो नवी वेळ काढत होता. मॅनेजरने काही कळवलं नव्हतं. रंग ओलाच होता.

सासूबाई मान वर करून बघत राहिल्या. सिस्टरला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या दोन पावलं मागे सरकल्या, आणखी दोन पावलं सरकल्या, डोळे बारीक केले.

"दादा," त्यांनी रंगाऱ्याला हाक मारली, "तो चार जरा ठळक काढा. अंधारात लांबून यायचं असतं लोकांना."

रंगाऱ्याने खाली वाकून कुंचला डब्यात बुडवला आणि चारचा आकडा पुन्हा एकदा, सावकाश गिरवला.