रांगेतला वरवंटा

माझ्या लेकीचं, गंगूचं लग्न झालं ते साल त्र्याण्णव. मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि वैशाखात तिला हळद लागली. लग्नघर, म्हणून मी सकाळीच रॉकेलच्या रांगेत आलो होतो.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये रांगेत उभं राहायचं म्हणजे आपला डबा उभा करायचा आणि कामाला जायचं. डबा नसेल त्याची वीट, चप्पल, फुटकी बादली. भिमाबाईचा तुटका वरवंटा असायचा. कोणती वस्तू कोणाची हे सगळ्यांना पाठ. भांडणं व्हायची, पण दुसऱ्याच्या वस्तूला कोणी हात लावत नसे.

त्या दिवशी दुकानावर नवी पाटी होती.

"शिवरामभाऊ, तू साळंत जातूस न्हवं आता? वाच की," भिमाबाई म्हणाली.

चाळिशी ओलांडल्यावर मी विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकत होतो. शिकवायला बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून सुनेत्राबाई यायच्या. त्याही त्या दिवशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, "बे-वा-रस वस्तू दिसल्यास पोलिसांना कळवा."

"बेवारस तर मुडद्याला म्हनत्यात," भिमाबाई म्हणाली. "माझा वरवंटा काय मेलाय व्हय?"

रांग हसली. सुनेत्राबाईही हसल्या. त्या एम. ए. करत होत्या. माणसं बॉम्ब का ठेवतात आणि त्यानंतर बाकीची माणसं कशी वागतात, हा त्यांचा अभ्यास. त्यांनी रांगेलाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, का झालं हे?"

"पोरांना कामधंदा नाय म्हणून," कोणी बोललं.

"माझी कंपनी बंद पडून वर्ष झालं. मी ठेवला काय बॉम्ब?" चंदर उसळला.

"आधी दंगलीत माणसं मेली. त्याचा सूड," हिरामण म्हणाला.

"मला त्यातलं काय कळत न्हाय, बाय," भिमाबाई म्हणाली. "राकेलची गाडी कवा येनार, त्येवढं लिव्ह."

तेवढ्यात दुकानातून शेठ ओरडला, "अरे साईं, ये थैला किसका है?"

वरवंट्याच्या पुढे एक खाकी थैली होती. तिच्यातून तारेचं टोक बाहेर आलेलं. हिरव्या ठिगळावरून सगळ्यांनी ती ओळखली. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या मुनीरचाचाची. थैली रांगेत ठेवून तो समोरच्या बराकीत कोणाचा तरी स्टोव्ह बघायला गेला होता. पण त्या दिवशी त्याचं नाव कोणी घेतलं नाही. रांग मोडली. माणसं पलीकडच्या ओट्यावर चढली. डबे तेवढे जागेवर राहिले.

चंदरने कुठून तरी लोखंडी शीग उचलली. "मालक येऊ दे फक्त. इथंच झोपवतो साल्याला."

हवालदार आला, तोही लांबच थांबला. "कोणाची आहे? बोला लवकर!"

चाचा कुठल्याही क्षणी बराकीतून बाहेर येणार होता. माझी नजर त्या दारावर होती.

भिमाबाई ओट्यावरून उतरली. चालत गेली आणि थैलीला टेकून खाली बसली.

"ए बाई, ऊठ! तुझी आहे का ती?"

"न्हाय."

"मग वारस कोण हिचा?"

"मी हाय."

"तुझा कोण लागतो हिचा मालक?"

भिमाबाईने पदर सारखा केला. "माझ्या फुडचा नंबर हाय."

एवढ्यात चाचा बाहेर आला. हातात बर्नर. त्याने गर्दी पाहिली, मग शीग पाहिली, आणि तो तिथेच थांबला.

"ये रे चाचा," भिमाबाई म्हणाली. "दाखव ह्यास्नी तुझं दुकान."

त्याने थैली उपडी केली. पिना, वायसर, दोन पितळी बर्नर, तारेचं भेंडोळं. हवालदार मान हलवत निघून गेला. चंदरने शीग टाकली. "चाचा, थैली अपने पास रखने का," तो पुटपुटला.

"हां बेटा." चाचाने सगळं भरलं आणि थैली खांद्याला लावली. त्यानंतर रांगेत ती खाली ठेवलेली मी कधी पाहिली नाही.

"मावशी, भीती नाही वाटली?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"वाटली की. पर त्येला न्हेला असता, तर माझा नंबर कुनाच्या मागं लागला असता?"

बाईंनी हे लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या वेळेपासून डबे गेले, विटा गेल्या. ऊन असो, कडेवर मूल असो, प्रत्येक जण जातीने उभा राहू लागला आणि पुढच्याच्या पिशवीकडे बघू लागला. मला तर वाचता यायला लागलं होतं. कुठेही गेलो तरी आधी 'बेवारस' हाच शब्द दिसायचा.

पाच वर्षांनी भिमाबाईने अंथरूण धरलं. रॉकेल आलं त्या दिवशी मुनीरचाचाने खांद्यावरच्या थैलीतून तुटका वरवंटा काढला आणि आपल्यामागे ठेवला. शेठने पाटीकडे बोट केलं. "चाचा, पढा नहीं?"

"मेरे पीछे का नंबर है," चाचा म्हणाला.

रांग सरकली की तो वाकून वरवंटा उचलायचा आणि पुढे ठेवायचा. मी वरवंट्याच्या मागे उभा राहिलो.

भिमाबाई त्याच आठवड्यात वारली, अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात. मुनीरचाचा पुढच्या वर्षी गेला.